तांब्यावरील राजनाम

इ. स. १८१८ हे वर्ष राज्यांतराचे होय. त्या वर्षी स्वीडनच्या गादीवर मूळचा फ्रेंच सेनानी बर्नादोत हा चौदावा कार्ल योहान या नावाने बसला. साताऱ्यास इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींची पुनःस्थापना केली. आणि नागपुरास अप्पासाहेब भोसले पदच्युत होऊन अल्पवयी तिसरे रघुजी गादीवर आले. किरनापुराकडील मुलूख त्या वेळी नागपूरकरांच्याच अमलाखाली होता.

स्वीडनमध्ये राजा बदलला, की तांब्याच्या स्किलिंग नाण्यावर नव्या राजाची नाममुद्रा उमटे. सोने-रुपे सावकाराच्या पेटीत राहते. तांबे मात्र मजुराच्या मुठीत जाते. ज्याने राजा कधी पाहिला नाही, त्यास राज्य कोणाचे हे तांब्याचे नाणेच सांगे. परदेशातून आलेल्या राजास तर ही ओळख विशेष अगत्याची होती.

आपल्याकडील रीत निराळी. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी शिवाजीमहाराजांनी शिवराई पाडली. तिच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ अशी अक्षरे होती. पुढे संभाजीमहाराजांनी ‘शंभु’ या नावाचीही नाणी पाडली, हे खरे. तथापि बाजारात टिकले ते मूळचेच नाव. पेशवाईच्या उत्तरकाळातील दुदांडी शिवराईवरही ‘राजा शिव’च आढळतो. नागपूरकर भोसल्यांचा रुपयासुद्धा मोगल बादशहाच्याच नावाने पडे. याचे कारण उघड आहे. नाण्याची पत परिचित नावावर चाले. अनोळखी छापास सराफ बट्टा मागे. एकीकडे नवे नाव हा सत्तेचा पुरावा, तर दुसरीकडे जुने नाव हाच विश्वासाचा आधार.

हा भेद आम्ही शिक्षकबंधूंपुढे सहेतुक मांडीत आहो. विद्यार्थी घरातील जुनी शिवराई घेऊन येतो आणि तिच्यावरील नाव वाचून ती महाराजांच्या हयातीतील ठरविली जाते. हे अनुमान टिकणारे नाही. ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, अक्षरांचे वळण कसे, मधल्या दोन रेघा आहेत की नाहीत, वजन किती, हे सारे पाहिल्यावाचून काळ ठरविता येत नाही. नाण्यावरील नाव नेहमी राज्य करणाऱ्याचेच असते असे नाही. पुष्कळदा ते लोकांनी ज्याचे राज्य मनात जपले, त्याचे असते. उशिराची शिवराई म्हणून तिचे मोल कमी होत नाही. उलट, दीडशे वर्षांच्या स्मृतीची साक्ष तीच देते. ती भांड्यांच्या मोडीत जाऊ न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.