मेदकण, उष्णता आणि पाणी

लखनौच्या चिनहटमध्ये मे महिन्यात पारा सहज 40 अंशांपुढे जातो. तिथल्या आरोग्य केंद्राला उणे 70 अंशांचा फ्रीझर ठेवायला सांगणे म्हणजे लस देऊच नका म्हणणे. फायझरच्या कोविडवरील एमआरएनए लशीची मूळ अट मात्र जवळपास तीच होती. माझ्या मते खरा प्रश्न फ्रीझरचा नाही, कुपीतल्या पाण्याचा आहे. एमआरएनए वाहून नेणारे मेदकण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे असतात. उष्णतेत ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि पाण्यामुळे एमआरएनएची साखळी तुटते. एक तूटही रेणू निकामी करू शकते. म्हणूनच पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने जून 2023 मध्ये आणलेली जेमकोव्हॅक-ओएम ही एमआरएनए लस गोठवून वाळवलेली भुकटी आहे. तिला 2 ते 8 अंशांचा, लशींचा नेहमीचा फ्रिज पुरतो.

गोठवताना बर्फाचे स्फटिकच कण फोडतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी सुक्रोजसारखी साखर मिसळतात, ती सुकताना कणांना वेगळे धरून ठेवते. वाळवण्याचा खर्चही वाढतो, पण तो कारखान्यात एकदाच होतो. अतिशीत वाहतुकीचा मात्र प्रत्येक मुक्कामी. अर्थात 8 अंश म्हणजे चिनहटची दुपार नव्हे. वीज तासन्‌तास गेली तरी तग धरणारी भुकटी अजून हवीच आहे.