वाळवंट ओलांडावे पहाटे, मुक्काम करावा उंचावर

एप्रिल-मे उजाडला की मुंबई-पुण्याहून अमेरिकेकडे निघणाऱ्या विमानांत मुलाकडे किंवा लेकीकडे चाललेल्या आईवडिलांची संख्या लक्षणीय असते. ही मंडळी पोहोचली की घरात एका बेताची चर्चा हमखास सुरू होते. शाळांना सुट्टी आहे, रस्ते उत्तम आहेत, तंबू आणि गॅसची शेगडी गाडीत टाकावी आणि पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने पाहून यावीत! बेत सुंदर असतो. मात्र तो आखताना बहुतेक जण नकाशावरील अंतर मोजतात, त्याला हाताशी असलेल्या दिवसांनी भागतात आणि निघतात. अमेरिकेच्या या भागात उन्हाळ्यात हा हिशेब चुकीचा ठरतो. येथे सहलीचे वेळापत्रक अंतरावर नव्हे, तर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरवावे लागते.

याचे कारण भूगोलात आहे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीमध्ये बॅडवॉटर नावाची जागा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. तेथून सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटरवर माउंट व्हिटनी हे ४,४२१ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. मुंबई-पुण्याइतक्या अंतरात एवढा चढउतार! हवा वर चढते तशी विरळ होते आणि थंडावते. सर्वसाधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान उतरते. कोरड्या हवेत दुपारी हा फरक याहूनही अधिक असतो. जुलैमध्ये डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे दुपारचे सरासरी तापमान ४७ अंशांच्या आसपास असते, तर त्याच दिवसांत युटा राज्यातील ब्राइस कॅन्यनच्या कड्यावर, सुमारे २,४०० मीटर उंचीवर, ते २७-२८ अंशांपुढे सहसा जात नाही. रात्री तर तेथे स्वेटर घालावा लागतो. उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठणाऱ्या मराठी माणसाला हे तत्त्व नवे नाही. येथे त्याचा आवाका मात्र कितीतरी मोठा आहे.

तारखांची कात्री

पहिला प्रश्न कधी जावे हा. येथे डोंगर आणि वाळवंट यांचे म्हणणे एकमेकांच्या विरुद्ध असते. डोंगर सांगतो, उशिरा या. योसेमिटी उद्यानातून जाणारा टायोगा खिंडीचा रस्ता ३,०३१ मीटर उंचीवर असून तो हिवाळाभर बर्फाखाली असतो. साधारणतः मेअखेर किंवा जूनमध्ये तो खुला होतो. परंतु अतोनात हिमवर्षावानंतर २०२३ मध्ये तो उघडण्यास २२ जुलै उजाडला होता.

वाळवंट मात्र सांगते, लवकर या. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत अमेरिकेच्या नैऋत्य भागात मोसमी पाऊस येतो आणि तेथेही त्याला मान्सूनच म्हणतात. आपल्याकडील संततधारेशी त्याचे साम्य नाही. दुपारी ढग जमतात, तासाभरात वीज आणि पाऊस कोसळून जातो. कातळाची जमीन पाणी शोषून घेत नाही, त्यामुळे अरुंद घळींतून पाण्याचा लोंढा येतो. पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडलेला असतो, आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असू शकते. सप्टेंबर २०१५ मध्ये झायन उद्यानातील एका घळीत अशाच लोंढ्याने सात जणांचा बळी घेतला. डेथ व्हॅलीत ५ ऑगस्ट २०२२ रोजी जेमतेम ३७ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे त्याची कोणी दखलही घेणार नाही. पण तेथे तो वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा होता. रस्ते वाहून गेले आणि सुमारे हजार माणसे अडकून पडली.

या दोन्हींचा मेळ घातल्यास जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा पहिला आठवडा हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. त्यानंतर जायचे झाल्यास घळींतील पदभ्रमण सकाळीच उरकावे आणि अमेरिकी हवामान खात्याचा त्या दिवसाचा पुराचा इशारा पाहिल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

एक नमुना मार्ग

लास व्हेगासहून निघून तेथेच परतणारा सुमारे २,२०० किलोमीटरचा फेरा दहा-अकरा दिवसांत निवांतपणे होतो. पहिला टप्पा झायन. येथील दरीचा तळ १,२०० मीटरवर असल्याने दुपारी पारा ३८ अंशांपलीकडे जातो. म्हणून तेथे एकच रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी दोन तासांवरील ब्राइस गाठावे. तेथे दोन मुक्काम करावेत. पुढे कॅपिटॉल रीफ हे तुलनेने कमी गर्दीचे उद्यान लागते. जुन्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागांच्या शेजारीच तेथे तंबू ठोकता येतो.

त्यानंतर नेवाडातील ग्रेट बेसिन. येथील व्हीलर पीक कॅम्पग्राउंड सुमारे ३,००० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पटीहून अधिक उंचीवर आहे. जवळच ब्रिसलकोन पाइन या अतिदीर्घायुषी वृक्षांचे रान आहे. याच डोंगरावर १९६४ मध्ये तोडलेल्या एका झाडाची वलये मोजली तेव्हा त्याचे वय ४,८०० वर्षांहून अधिक निघाले होते. एवढ्या उंचीवर काहींना डोकेदुखी, मळमळ, अपुरी झोप असा त्रास होतो. झायन, ब्राइस आणि मग ग्रेट बेसिन असा क्रम ठेवण्यामागे शरीराला उंचीची सवय व्हावी हाच हेतू आहे. हृदयाचा वा श्वसनाचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे आणि गरज वाटल्यास खालच्या कॅम्पग्राउंडमध्येच उतरावे.

ग्रेट बेसिनहून पश्चिमेला जाताना ईली आणि टोनोपा या गावांदरम्यान सुमारे २७० किलोमीटर पेट्रोलपंप लागत नाही. टाकी ईलीलाच पूर्ण भरावी. टायोगा खिंड ओलांडून योसेमिटीच्या टुओलमी मेडोज या २,६०० मीटर उंचीवरील कुरणात दोन रात्री काढाव्यात. परतीच्या वाटेवर लोन पाइन हे गाव व्हिटनीच्या पायथ्याशी आहे. शेवटचा मुक्काम तेथे करावा.

आता उरते डेथ व्हॅली. जगातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ५६.७ अंश तापमानाची नोंद येथेच १० जुलै १९१३ रोजी झाली. जुलै २०२४ मध्ये तर दिवस आणि रात्र धरून महिन्याची सरासरीच ४२.५ अंश होती. म्हणजे सूर्य मावळल्यावरही सुटका नाही. तेव्हा दरीत तंबू ठोकण्याचा विचार सोडून द्यावा. लोन पाइनहून पहाटे साडेतीन-चारला निघावे, वाळूच्या टेकड्यांवर सूर्योदय पाहावा, झाब्रिस्की पॉइंटवरून रंगीत डोंगर न्याहाळावेत आणि नऊ-दहाच्या आत लास व्हेगासच्या वाटेला लागावे. सकाळी दहानंतर सखल भागात पायी हिंडू नये, असे उद्यानाचे अधिकारीही बजावतात.

ऊन आपल्या ओळखीचे नाही

नागपूर-चंद्रपूरचा मे सोसलेल्यांना वाटते, उन्हाचे आम्हाला काय! येथेच घात होतो. या वाळवंटातील हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. पाणी कमी होत असल्याचे कळत नाही. माणशी रोज किमान चार लिटर पाणी, आणि शिवाय गाडीत राखीव साठा, हे प्रमाण पाळावे. केवळ पाणी पीत राहिल्यास शरीरातील क्षार कमी होतात, म्हणून मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत किंवा कोकम उत्तम; रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. अतितीव्र उष्णतेत हवा विरळ झाल्याने हेलिकॉप्टरला उडणे कठीण होते. त्यामुळे मदत येईलच, असे गृहीत धरता येत नाही.

गाडीचीही अशीच काळजी घ्यावी. टायर, जादा चाक आणि कूलंट निघण्यापूर्वी तपासावे. लांब चढावर इंजिन तापू लागले तर वातानुकूलन बंद करावे.

आरक्षण, पास आणि अस्वले

उद्यानांतील बहुतेक कॅम्पग्राउंडचे आरक्षण सरकारी संकेतस्थळावर सुमारे सहा महिने आधी खुले होते आणि लोकप्रिय जागा पाहता पाहता संपतात. योसेमिटीचे वेळापत्रक वेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे पाहावे. म्हणजे जूनच्या सहलीची तयारी डिसेंबर-जानेवारीत सुरू व्हायला हवी.

भारतातून जाणाऱ्यांनी आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा करण्यात आला; रहिवाशांना तो ८० डॉलरला मिळतो. हा पास नसल्यास अकरा मोठ्या उद्यानांत सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक अनिवासी पर्यटकामागे १०० डॉलर जादा आकारण्याचे ठरले. वरील मार्गावरील झायन, ब्राइस आणि योसेमिटी या अकरांत येतात. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज त्यानुसार बांधावा.

योसेमिटीत अस्वलांचा वावर असतो. खाद्यपदार्थ रात्री गाडीत ठेवण्यास तेथे मनाई आहे. ते तळावरील लोखंडी पेटीतच ठेवावे लागतात. आपले लोणचे, फोडणीचा मसाला, एवढेच नव्हे तर साबण आणि टूथपेस्टही त्याच पेटीत गेली पाहिजे. वणव्याच्या भीतीने उन्हाळ्यात लाकडाच्या शेकोटीवर अनेकदा बंदी येते, तेव्हा स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी जवळ असावी. तीही त्या दिवशी चालते ना, हे प्रवेशद्वारावर विचारून घ्यावे.

घरी ठेवायचा कागद

या मार्गाच्या मोठ्या भागात मोबाइलला संकेत मिळत नाही. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, कागदी नकाशाही बरोबर असावा आणि यंत्राने जवळची म्हणून दाखवलेली कच्ची वाट कदापि धरू नये.

जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेले दोन प्रौढ आणि दोन लहान मुले भाड्याच्या गाडीने डेथ व्हॅलीत शिरली आणि डोंगरातील एका दुर्गम वाटेला लागली. त्यांची गाडी सापडली ती ऑक्टोबरमध्ये, तीन टायर निकामी झालेल्या अवस्थेत. दोन्ही प्रौढांचे मानले गेलेले अवशेष हाती लागायला २००९ साल उजाडले. गाडी बंद पडल्यास तिच्याजवळच, सावलीत थांबावे, हा नियम त्यामुळेच पुन्हापुन्हा सांगितला जातो. शोध घेणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

म्हणूनच निघण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक दिवसाचा मार्ग, मुक्कामाची जागा, गाडीचा क्रमांक आणि संपर्काची वेळ लिहावी. त्याची एक प्रत तेथील शेजाऱ्यांकडे आणि दुसरी पुण्या-मुंबईतील घरी द्यावी. ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून उद्यानाच्या अधिकाऱ्यांना कळवायचे, हेही त्यावर असावे. तंबू, शेगडी आणि शिधा नंतर भरला तरी चालेल. हा कागद मात्र आधी तयार झाला पाहिजे.