हातांचा संधिवात : दुखणे अंगावर काढू नका

तथागतांनी आरोग्याला सर्वांत मोठा लाभ मानले. परंतु आपल्या वाशीम जिल्ह्यातील आयाबहिणी सोयाबीन सोंगताना, कापूस वेचताना हातांचे दुखणे अंगावर काढतात. ‘वात आहे’ म्हणून ते सोडून देणे योग्य नव्हे, असे आम्हांस वाटते. कारण सर्व वात सारखे नसतात.

उतारवयात सांधे झिजतात. बोटांच्या टोकाकडील सांधे व अंगठ्याचे मूळ दुखते. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. आमवातात मात्र शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही मनगटे व बोटांची मुळे सुजतात, सकाळी तासभरही मूठ वळत नाही. हा आजार तरुणपणीही होतो. उपचार लांबल्यास बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. म्हणून सूज दिसताच डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी मेथोट्रेक्सेट दिल्यास ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.

घरी कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत, पातेले दोन्ही हातांनी उचलावे, विळ्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या सकाळी आईची मूठ वळते का, एवढे अवश्य पाहा.