बांधीवरचे घर आणि आवाराची भिंत

ब्रह्मपुरीच्या वाढत्या वस्तीत कालपरवापर्यंत जिथे धानाच्या बांध्या होत्या, तिथे आज घरांचे नकाशे आखले जात आहेत. बांधी ही मुळातच पाणी धरून ठेवण्यासाठी घडवलेली जमीन. तिच्यावर दोन-तीन फूट मुरूम टाकून घर उंचावर घेतले जाते आणि लगोलग सभोवती वॉल कंपाउंड उभे राहते. घरमालकाच्या दृष्टीने ती केवळ हद्दीची खूण असते. प्रत्यक्षात मात्र तिच्या आतल्या अंगाला मुरुमाचा भराव असतो आणि बाहेर शेजारची सखल जमीन. म्हणजे ती कुंपण नसून भराव तोलणारी संरक्षक भिंत ठरते. आणि हे काम साडेचार इंची विटांच्या भिंतीचे नव्हे.

भिंत पडते ती बहुधा विटांच्या दोषाने नव्हे, तर पाण्याच्या दाबाने. कोरडा मुरूम जितका रेटा देतो, त्याहून कितीतरी अधिक रेटा श्रावणसरींनी भिजलेला भराव देतो. त्यामुळे भरावाच्या उंचीपर्यंतची भिंत दगडी असावी आणि तिची पायथ्याची रुंदी उंचीच्या निम्म्याजवळ ठेवावी. किंवा सळईच्या काँक्रीटची असल्यास तिचा आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा. भिंतीच्या तळाशी दर पाच-सहा फुटांवर पाणी निघण्यासाठी पाइपाचे तुकडे बसवावेत आणि त्यांच्या मागे गिट्टीचा थर द्यावा. हे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात न सोडता नालीकडे वळवावे लागते, हेही ओघानेच आले. शेजारधर्माची पुष्कळ भांडणे या एका नालीपाशी सुरू होतात.

जमीन कन्हार, म्हणजे काळी चिकण, असेल तर सावधगिरी अधिक हवी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सरसकट लांबलचक भिंतीला तडे देते. अशा ठिकाणी आठ-दहा फुटांवर खोल पायाचे खांब, त्यांना जोडणारा तळाचा बीम आणि ठरावीक अंतरावर भिंतीत मोकळा सांधा, ही रचना टिकते. खांबांच्या खाचांत सिमेंटच्या तयार फळ्या बसवून एका दिवसात उभे राहणारे कंपाउंड स्वस्त पडते. सपाट जागेवर त्याचा उपयोगही आहे. पण भराव तोलण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

उंचीचा प्रश्न या भागात वेगळाच आहे. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ-बिबट्यांचा वावर गावांच्या सीमेपर्यंत असतो, आणि भीतीपोटी भिंत डोक्याएवढी बंदिस्त करण्याकडे कल असतो. ही भीती खरी आहे. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु सहा फुटांची भिंत बिबट्याला अडथळा नव्हे. उलट बंद भिंतीआड काय दबा धरून आहे, हे फाटक उघडेपर्यंत कळत नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही भिंतीची उंची सर्वसाधारणपणे दीड मीटर मानलेली आहे. वरचे नव्वद सेंटिमीटर जाळीदार ठेवल्यास ती 2.4 मीटरपर्यंत नेता येते. खाली भक्कम आणि वर आरपार दिसणारी, हीच रचना येथील घराला सर्वांत सोयीची. सोबत भिंतीलगतचे झुडूप काढावे, दिवा लावावा आणि गुरे रात्री पक्क्या गोठ्यात बांधावीत. माथ्यावर काचा रोवणे किंवा कुंपणात वीज सोडणे हे मात्र कोणत्याच घराला शोभणारे नाही. काचांनी मांजरे आणि खारी जखमी होतात. विजेच्या तारांनी तर या जिल्ह्यात वाघांचे आणि माणसांचेही बळी घेतले आहेत.

मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा पश्चिमेची उघडी सिमेंटची भिंत दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत अंगणात धग सोडत राहते. त्या बाजूला विटांची जाळी योजावी. वारा खेळतो आणि विटाही कमी लागतात. मधुमालतीचा वेल चढवल्यास उत्तमच. पुढील दर्शनी बाजूस बांबूचे ताटवेही सुरेख दिसतात. या जिल्ह्यांत बांबू आणि त्यावरचे कसब दोन्ही हाताशी आहेत. मात्र तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला असावा आणि जमिनीपासून वीतभर वर बसवावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाळवी त्याचा निकाल लावते.

भिंतीच्या माथ्याला उतार आणि बाहेर डोकावणारी पाटी देणे ही किरकोळ वाटणारी गोष्ट कोणी मनावर घेत नाही. तिच्यावाचून पाणी भिंतीच्या अंगावरून ओघळते आणि चातुर्मासात तिच्यावर शेवाळाचा हिरवा थर चढतो. मग ते खरवडावे तर जीवहिंसा, ठेवावे तर गिलावा फुगतो, अशी श्रावकाच्या घरात पंचाईत होते. मृगापूर्वी चुन्याचा हात आणि माथ्याची पाटी एवढ्याने तो प्रसंग बहुतांशी टळतो.

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजांखेरीज पाच खिडक्याही आहेत. एवढी जाडजूड तटबंदी बांधणाऱ्यांनीसुद्धा माणसांच्या येण्याजाण्याची सोय भिंतीतच करून ठेवली. घराच्या आवाराला खिडकी कोणी करत नाही. पण मागच्या बाजूला एक लहानसे फाटक नकाशातच आखून घ्यावे. भिंत झाल्यावर ते फोडून काढणे दुप्पट खर्चाचे पडते.