काळी गाठ आणि सौम्यतेचा दाखला

मज्जारज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या आवरणावर वाढणारी गाठ, म्हणजे श्वानोमा, ही बहुधा सौम्य असते आणि समूळ काढली की रुग्ण मोकळा होतो, हे खरेच आहे. परंतु त्याच न्यायाने तिच्या काळ्या, मेलॅनिनयुक्त बहिणीलाही सौम्यतेचा दाखला देऊन रुग्णास निर्धास्त घरी पाठवावे, हा जो समज चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही वारंवार ऐकू येतो, तो निखालस चुकीचा आहे. श्वान पेशी आणि त्वचेतील रंगपेशी या दोन्ही गर्भावस्थेतील एकाच पेशीसमूहातून उत्पन्न होत असल्याने मज्जातंतूवर मेलॅनिन सापडण्यात अद्भुत काही नाही. पण यावरून 'रंगाचाच काय तो फरक' असा निकाल देणाऱ्यांनी टोरेस-मोरा व सहकाऱ्यांचा २०१४ सालचा ४० रुग्णांचा अभ्यास एकदा तरी उघडावा. ज्यांचा पुढील वृत्तांत उपलब्ध झाला त्यांपैकी ३५ टक्क्यांत गाठ पुन्हा उद्भवली, ४४ टक्क्यांत ती अन्यत्र पसरली. आणि सूक्ष्मदर्शकाखाली अगदी शांत दिसणाऱ्या गाठीही याला अपवाद नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली तिची नोंद दुर्दम अर्बुदांच्या दप्तरी केली, तरी जुना दाखला काही रद्द होत नाही!

'एमआरआयवरच निदान होते' हेही असेच. मेलॅनिनमुळे टी-१ चित्रात गाठ उजळ व टी-२ मध्ये काळसर दिसते खरी, पण रक्तस्रावही तसाच भास निर्माण करू शकतो. ऊतिपरीक्षेतही एस-१००, एचएमबी-४५ हे दर्शक त्वचेच्या मेलॅनोमाप्रमाणेच येथेही सापडतात, म्हणून दुसरीकडून पसरून आलेला मेलॅनोमा नाही ना, याची खातरजमा आवश्यक ठरते. पीआरकेएआर१ए प्रथिनाचा अभाव येथे निदानास मोठे साहाय्य करतो.

'किरणोपचार घेतले की धास्ती संपली' असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा नाही. मुख्य उपचार संपूर्ण छेदन हाच, आणि पाच वर्षांनंतरही गाठ उलटू शकत असल्याने तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवणे प्राप्त आहे. पाठीच्या रुग्णास हृदयाच्या सोनोग्राफीसाठी पाठविले की नातेवाईक बिल वाढविल्याचा संशय घेतात. वस्तुतः ही गाठ कधीकधी कार्नी संलक्षणाचा भाग असते, आणि त्या आनुवंशिक विकारात हृदयाच्या कप्प्यांतही मिक्सोमा नावाची गाठ वाढते, जी वेळीच न सापडल्यास पक्षाघात ओढवू शकते.