आलेख शिळा का राहतो?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले मॅटप्लॉटलिब हे आलेख काढणारे सॉफ्टवेअर जॉन हंटर या मज्जासंस्थेच्या संशोधकाने 2003मध्ये लोकांसमोर आणले. या सॉफ्टवेअरच्या खिडकीत कधी कधी एक दोष दिसतो: आकडे बदलतात, रेषा मात्र जुनीच राहते. खिडकीचा कोपरा ओढला की नवी रेषा प्रकटते. या एका खुणेवरून निदान होते. माहिती पोहोचलेली असते, 'पुन्हा काढ' हा निरोप तेवढा राहिलेला असतो. म्हणून उपायही निरोपातच शोधायला हवा. सरसकट सगळे चित्र पुन्हा रंगवणे हे त्याचे उत्तर नव्हे.

प्रत्येक बदलानंतर लगेच चित्र काढायला सांगितले तर काय बिघडले, असे कोणी विचारेल. दोष झाकला जाईल हे खरे. पण शंभर रेषा बदलल्या तर अक्ष, आकडे, अक्षरे असे सारे शंभरदा रंगवावे लागेल आणि खिडकी अडखळेल. त्याऐवजी बदललेल्या घटकाने स्वतःवर 'शिळा' अशी खूण करावी, ती आकृतीपर्यंत पोहोचावी आणि खिडकीने सवड मिळताच एकदाच चित्र काढावे. यातले सवडीने एकदाच चित्र काढण्याचे काम मॅटप्लॉटलिबमधली 'ड्रॉ आयडल' ही आज्ञा करते. अर्थात, प्रोग्राम लांबलचक गणितात गुंतला तर ती सवडच मिळत नाही. तिथे मधूनमधून खिडकीला तुंबलेली कामे उरकू द्यावी लागतात. पडद्यावरच्या आलेखावर विसंबून माणसे निष्कर्ष काढतात, म्हणून ही दुरुस्ती मुळापासूनच व्हायला हवी.