रुपया पडला, की आम्ही रांगेत!



रुपया गडगडला की इथे मरीनातल्या एक्स्चेंजसमोर रांग लागते. तिकडे घरचे महागाईने हैराण, इकडे आम्ही पाटीवरचा आकडा बघून खूश. जरा लाज वाटते, पण पैसे पाठवतोच!

दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला, ३.६७२५ ला एक डॉलर. त्यामुळे रुपया डॉलरपुढे पडला की दिरहॅमपुढेही पडतोच. २००८ च्या सुरुवातीला दिरहॅमला साधारण १०.७० रुपये मिळायचे (घरून विचारणा, "यंदा कमी कसे आले?"). ऑगस्ट २०१३ अखेर १८.५० च्या वर. तेव्हा पुण्याच्या फ्लॅटचा मोठा हप्ता द्यायचा होता. बायको म्हणाली, "अहो, पाठवून टाका." मी म्हटलं, थांब गं, २० होऊ दे. दोन महिन्यांत भाव १७ च्या खाली! वर बिल्डरचं उशिराचं व्याज. ती अजून ऐकवते.

गंमत म्हणजे १९६६ पर्यंत दुबईत आपल्या रिझर्व्ह बँकेचाच 'गल्फ रुपया' चालायचा. त्या जूनमध्ये भारताने अवमूल्यन केलं आणि इथल्यांनी तो सोडला. शहाणे म्हणायचे!

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० पार गेला, दिरहॅम २४.५० च्या आसपास. मित्र खुशीत. पण २००८ ला पाठवलेल्या १ लाख दिरहॅमचे रुपये माझ्या एनआरई ठेवीत पडून आहेत, आणि मुलीची कॉलेजची फी इथे दिरहॅममध्ये भरायची आहे. व्याज सोडलं तर त्या भावाने मुद्दलाचे जेमतेम ४४ हजार दिरहॅम होतात. हा हिशेब बायकोला अजून दाखवलेला नाही.